पट्टीवर ऑइल बरोबर, तरी लेव्हलचा पिवळा दिवा जात नाही: सेन्सर बदलू की वायरिंग तपासू?

पांदणवाला:
नमस्कार मंडळी. गाडी बीएस६ डिझेल, चार सिलिंडर. ऑइल चेंबरच्या बुडाशी तीन पिनांचा लेव्हल सेन्सर आहे. मीटर कन्सोलवर पिवळी खूण आणि 'ऑइल लेव्हल तपासा' असा संदेश येऊन राहिला आहे. पट्टीवर (डिपस्टिकवर) ऑइल मिन-मॅक्सच्या मध्ये, पाऊण भागावर. स्कॅनरवर कोड पी२५०सी. पुसला की चावी लावल्यावर काही सेकंदांत परत हजर. इथे तालुक्याला ऑसिलोस्कोप मिळायचा नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प आणि वायरिंगचा नकाशा एवढं हाताशी आहे. सेन्सरची ऑर्डर देऊ की आधी वायरिंग पाहू? पेरणीचे दिवस आहेत, गाडी जास्त दिवस उभी ठेवता येणार नाही.

रुईगाठ:
सेन्सरच गेला असेल भाऊ. चेंबरच्या खाली असतो, पांदणीत दगड लागतो, चिखल बसतो. नवीन टाका, मोकळे व्हा.

तीन_पिना:
मागवू नका. पी२५०सी म्हणजे 'सर्किट लो'. सिग्नलच्या तारेवर जेवढं व्होल्टेज दिसायला पाहिजे त्याच्या खाली ते अडकून बसलं आहे, एवढंच तो कोड सांगतो. अडकवलं कोणी, सेन्सरने, तारेने की कन्सोलने, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला शोधायचं आहे.

या कुळातले कोड एकदा लिहून ठेवतो, कारण गॅरेजात सगळ्यांना एकच औषध दिलं जातं. पी२५०ए: सर्किटमध्ये दोष. पी२५०बी: वाचन पटण्यासारखं नाही. पी२५०सी: लो. पी२५०डी: हाय. पी२५०ई: मधूनच येतो, मधूनच जातो. पी२५०एफ: ऑइल खरंच कमी आहे. हा शेवटचा आला तर मल्टीमीटरला हात लावायच्या आधी पट्टी काढायची. पी०५२० ते पी०५२४ हे ऑइलच्या प्रेशरचे कोड, त्यांचा या सेन्सरशी संबंध नाही.

आणि लाल दिवा असेल तर हा धागा वाचत बसू नका. लाल म्हणजे प्रेशर. इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, गाव दोन किलोमीटरवर असलं तरी.

कोठा_आणि_कुटार:
पट्टी कशी पाहिली तेही सांगा. आपल्याकडे गाडी धुऱ्याला लावलेली असते, एक चाक वर, एक खाली. तेवढ्या उतारावर पट्टीही खोटं बोलते आणि सेन्सरही. सपाट जागा, इंजिन गरम, बंद करून पाच ते दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून पूर्ण आत घालायची आणि मग वाचायची. बहुतेक कार-जीपमध्ये मिन ते मॅक्स अंतर साधारण एक लिटरचं असतं, पण हँडबुकमधला आकडा पाहून घ्या.

पांदणवाला:
सपाट सिमेंटवर, दहा मिनिटं थांबून, दोनदा पाहिलं. पाऊणच आहे. ऑइल काळं आहे, पण दुधाळ नाही, डिझेलचा वास नाही.

तीन_पिना:
मग ऑइलचा प्रश्न संपला. आता सर्किट.

आधी सेन्सर कोणत्या जातीचा ते समजून घ्या, कारण मोजायची पद्धत त्यावर ठरते. जुन्या साध्या गाड्यांत फ्लोट असतो. चुंबक बसवलेला फ्लोट ऑइलबरोबर खाली-वर होतो आणि नळीतला रीड स्विच उघडतो किंवा मिटतो. दोन तारा, चालू-बंद एवढंच. काही गाड्यांत दोन तारांचा गरम होणारा सेन्सर असतो. त्यात थोड्या ओहमची बारीक तार असते. कन्सोल तिच्यातून क्षणभर करंट सोडतो आणि व्होल्टेज किती बदललं ते पाहतो. ऑइलमध्ये बुडालेली तार लवकर निवते, उघडी पडलेली तापत राहते. अशा सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टीमीटरवर मोजता येतो.

तुमचा तीन पिनांचा आहे. यात सेन्सरच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक्स असतं: एक तार सप्लायची, एक अर्थची (बॅटरी मायनसशी जोडलेली), एक सिग्नलची. आतून तो तार तापवून मोजतो किंवा खालून आवाजाची लहर सोडून ती ऑइलच्या पृष्ठावरून परत यायला लागलेला वेळ मोजतो, आणि उत्तर ठोक्यांच्या रूपात सिग्नलच्या तारेवर पाठवतो. म्हणून या सेन्सरच्या पिनांमध्ये ओहम मोजून 'चांगला' किंवा 'गेलेला' असं ठरवू नका. त्या आकड्याला काही अर्थ नाही. गॅरेजात कितीतरी चांगले सेन्सर याच मोजणीवर फेकले जातात.

पहिली चाचणी फुकटची आहे. चावी बंद, सेन्सरचा कपलर (तारांचा प्लग) काढा, चावी लावा, कोड पुसा आणि परत वाचा. सिग्नलच्या तारेला कन्सोल स्वतः आतल्या रेझिस्टरमधून व्होल्टेज देतो आणि सेन्सर ते ठोक्याठोक्याने खाली ओढतो, अशी रचना असेल तर कपलर काढल्यावर तार मोकळी होऊन कोड पी२५०डी म्हणजे 'हाय' व्हायला पाहिजे. तसा झाला तर तार आणि कन्सोल दोन्ही शाबूत, संशय सेन्सरवर. कपलर काढूनही 'लो'च राहिला तर सेन्सरचा काही दोष नाही.

हार्नेस_दुरुस्ती:
वरच्याला एक पुस्ती. ही रचना सगळ्या गाड्यांत नसते. काहींत तार तुटली तरी 'लो' येतो. म्हणून कपलर काढल्यावर सिग्नल पिनवर व्होल्टेज मोजाच. चावी चालू असताना ५ व्होल्टच्या किंवा बॅटरीच्या आसपास काही दिसलं तर कन्सोल व्होल्टेज देतो आहे. शून्य दिसलं तर तीन शक्यता: तार अर्थला लागली, तार तुटली, किंवा त्या गाडीत कन्सोल व्होल्टेज देतच नाही. तिसरं काय ते नकाशाच सांगेल.

उलट बाजूची चाचणीही लिहून ठेवा, कुणाला 'हाय' कोड आला तर उपयोगी पडेल. कपलर काढलेला, चावी चालू, सिग्नल पिन आणि अर्थ पिन फ्यूजवाल्या जंपरने (जोडतारेने) जोडायच्या. कोड 'लो' झाला तर तार कन्सोलपर्यंत धड आहे. मग दोष सेन्सरचा किंवा त्याच्या सप्लायचा. फक्त अर्थला जोडायचं. सिग्नलच्या तारेला बॅटरीचा प्लस चुकूनही लावू नका, कन्सोल जळतो.

पांदणवाला:
वाचनं देतो.
बॅटरी १२.६ व्होल्ट. कपलर काढून, चावी चालू:
पिन १ (सप्लाय) १२.४ व्होल्ट.
पिन २ (अर्थ) ते बॅटरी मायनस: ०.०१ व्होल्ट.
पिन ३ (सिग्नल) ०.०३ व्होल्ट.
कोड पुसून परत वाचला, पी२५०सीच आला.
नकाशात सिग्नलची तार थेट मीटर कन्सोलला जाते. मध्ये इंजिन आणि बॉडी जोडणारा एक मोठा कपलर आहे.

तीन_पिना:
म्हणजे तुमच्या गाडीत कन्सोल व्होल्टेज देत असेल तर हा 'लो' सेन्सरमुळे नाही. पण सप्लाय आणि अर्थवर अजून विश्वास ठेवू नका. डिजिटल मल्टीमीटर इतका कमी करंट घेतो की तारेची एकच शीर उरली असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. लोड टाकून पाहा. १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब पिन १ आणि २ मध्ये लावा. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. पेटलेला असतानाच पिन १ चं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडायला नको, आणि पिन २ ते बॅटरी मायनस ०.१ व्होल्टच्या आत राहायला पाहिजे. ही तुमची गाडी, तुमचा सप्लाय १२ व्होल्टचा आहे म्हणून बल्ब चालतो. जिथे सेन्सरला कन्सोलकडून ५ व्होल्ट येतात तिथे बल्ब लावायचा नाही. सिग्नलच्या तारेवर तर कुठेच नाही.

हार्नेस_दुरुस्ती:
बल्बची चाचणी झाली की शॉर्ट शोधायला लागा. क्रम मोडू नका:

चावी बंद, बॅटरीचा मायनस काढा, काही मिनिटं थांबा. मग मीटर कन्सोलचा कपलर काढा. तो जोडलेला ठेवून ओहम मोजले तर कन्सोलच्या आतून जाणारा रस्ताही मोजला जाईल आणि नसलेला शॉर्ट दिसेल. सेन्सरचा कपलरही काढलेलाच असू द्या. आता तार दोन्ही टोकांना मोकळी. मल्टीमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना लावून काड्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी पाहून घ्या. मग सिग्नलची तार ते इंजिन बॉडी मोजा. 'ओएल' (मापाबाहेर, म्हणजे जोड नाही) आलं पाहिजे. काही ओहम आले तर तार कुठेतरी लोखंडाला लागली आहे.

त्यानंतर मधला मोठा कपलर काढा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. सहा फूट हार्नेस (तारांची जुडी) उसवत बसण्यापेक्षा अर्धा भाग एका झटक्यात बाद होतो.

पिनांमध्ये मल्टीमीटरची जाड काडी ठोसू नका. पिन फाकते आणि दुरुस्तीनंतर नवाच दोष सुरू होतो. मागून, तारेच्या रबराच्या कडेने बारीक टाचणी घाला. इन्सुलेशनला भोक पाडून मोजायची सवय तर आपल्याकडे फार आहे. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं आणि दोन महिन्यांनी तार आतून कुजते.

कोठा_आणि_कुटार:
गाडीखाली जायच्या आधी एक सांगणं आहे, आणि ते मनापासून आहे. काळ्या मातीवर नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. ओली काळी माती जॅक गिळते. सिमेंट किंवा मुरमाची जागा, जॅकखाली जाड फळी, दोन्ही बाजूंना स्टँड, मागच्या चाकांना ठोकळे. आणि चेंबर निवल्यावरच हात घाला.

रुईगाठ:
सेन्सर मागवा म्हणालो होतो ते मागे घेतो. पण एक विचारतो: हाच कोड साध्या ब्लूटूथवाल्या ईएलएम३२७ वर (मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर) काहून दिसत नाही? बऱ्याच जणांना दिवा लागतो आणि मोबाइलवर 'कोड नाही' येतं.

तीन_पिना:
कारण ते अॅप बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या कंप्युटरशी बोलतं. लेव्हल सेन्सर बऱ्याच गाड्यांत मीटर कन्सोलला किंवा बॉडी मॉड्यूलला जोडलेला असतो, म्हणून कोड तिथे साठतो. सगळी मॉड्यूल्स वाचणारा स्कॅनर पाहिजे. 'कोड नाही' म्हणजे दोष नाही, असं धरू नका.

पांदणवाला:
बल्ब पूर्ण पेटला. पेटलेला असताना पिन १ वर १२.२, अर्थकडे ०.०४ व्होल्ट.
बॅटरी काढून, कन्सोलचा कपलर काढून: सिग्नल तार ते बॉडी ४.१ ओहम. काड्यांचे ०.३ वजा केले तर ३.८.
मधला कपलर काढला. कन्सोलकडची बाजू ओएल. इंजिनकडची बाजू ३.८. हार्नेस हाताने हलवला की आकडा ओएलपर्यंत जाऊन परत येतो.

हार्नेस_दुरुस्ती:
मिळाला. आता त्या बाजूचे जेमतेम तीन-चार फूट राहिले. मल्टीमीटर बीपवर ठेवा आणि सेन्सरपासून सुरुवात करून बोटाच्या दोन-दोन पेरांवर हार्नेस दाबत, वाकवत वर जा. बीप तुटली किंवा सुरू झाली की थांबा. सगळ्यात आधी पाहायच्या जागा: चेंबरच्या कडेला हार्नेस धरणारा पत्र्याचा ब्रॅकेट, गिअरबॉक्सच्या घंटेजवळचं वळण, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणारा भाग.

आपल्या भागात तिथे दोन गोष्टी घडतात. एक, काळी माती. ओली असताना ती हार्नेसला चिकटून फुगते आणि वाळली की आवळते. इंजिन हलतं, माती तार धरून ठेवते, आणि तार ब्रॅकेटच्या धारेवर घासत राहते. दुसरं उंदीर. गाडी कोठ्याजवळ, कुटाराच्या ढिगाला लागून उभी राहिली की इंजिनच्या उबेला ते येतात. उंदराचं कुरतडणं आणि घासणं ओळखायला सोपं आहे: उंदराच्या जागी इन्सुलेशनला बारीक समांतर खाचा असतात आणि खाली भुसा पडलेला असतो. घासलेल्या जागी एका बाजूनेच चपटं झालेलं दिसतं.

पांदणवाला:
ब्रॅकेटच. कोरुगेटेड पाइप त्या जागी फाटून उघडा पडला होता, आत वाळलेली माती ठासून भरलेली. माती ब्रशने काढली तेव्हा दिसलं: सिग्नलच्या तारेचं इन्सुलेशन तांदळाच्या दाण्याएवढं झिजलं आहे, आतलं तांबं हिरवट काळं, आणि ब्रॅकेटची धार नेमकी तेवढीच घासून चांदीसारखी चकचकीत झाली आहे. शेजारच्या सप्लायच्या तारेवरही खूण आहे, पण ती अजून तांब्यापर्यंत गेलेली नाही.

तीन_पिना:
सप्लायची तारही आताच करून घ्या. ती लागली की फ्यूज उडतो, आणि त्या फ्यूजवर दुसरं काय काय आहे हे नकाशात पाहिलं तर घाई का करायची ते कळेल.

हार्नेस_दुरुस्ती:
दुरुस्ती अशी करा. हिरवं पडलेलं तांबं मागे कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. दोन सेंटिमीटर गेले तरी हरकत नाही, त्याच जाडीची नवी तार मध्ये टाका, बहुधा ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटर. चेंबरजवळ कंप जास्त, म्हणून मला तिथे नीट दाबलेला क्रिंप जोड जास्त पसंत आहे. सोल्डर तारेत वर चढतो आणि जिथे संपतो तिथे तार ताठ होऊन कंपाने मोडते. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह घाला आणि दोन्ही टोकांतून गोंद बाहेर डोकावेपर्यंत तापवा. दोन तारांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, इंचभर पुढे-मागे ठेवा.

तार पिळून वरून काळी टेप गुंडाळायची नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, इंजिनखाली त्याहून कितीतरी जास्त. टेपचा गोंद वितळून ओघळतो आणि त्यात माती चिकटते.

नवीन कोरुगेटेड पाइप घाला, ब्रॅकेटच्या धारेवर रबराचा तुकडा बसवा, नायलॉन टायने हार्नेस असा बांधा की इंजिन हललं तरी ताण येणार नाही. थोडी ढील पाहिजे, लोंबकळ नको.

बंडीचा_कणा:
मधेच विचारतो, माफ करा. कोड पी२५०ई, फक्त गरम इंजिनवर येतो, सकाळी नसतो. सेन्सरचा कपलर उघडला तर आत काळं ऑइल आहे. कपलर स्वच्छ करून चालेल?

तीन_पिना:
नाही. कपलरच्या आत ऑइल आलं म्हणजे ते सेन्सरच्या पोटातून, पिनांच्या कडेने बाहेर झिरपलं. आतलं सील गेलं आहे. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, म्हणून दोष गरम असतानाच. इथे सेन्सर बदलायचाच. कपलरच्या मागून तारा थोड्या सोलून पाहा. ऑइल तारेच्या शिरांमधून वर चढतं, कधीकधी पुढच्या कपलरपर्यंत. तिथपर्यंत गेलं असेल तर तोही कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा.

चिखल किंवा पाणी आत असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे कपलरचं रबरी सील दोषी. क्लीनर मारा, वाळू द्या, सील बदला, सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. कपलर ग्रीसने भरून टाकायचा नाही.

सेन्सर बदलताना: बुडाशी असेल तर ऑइल पूर्ण काढावं लागतं. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीन, ड्रेन प्लगचा वॉशर नवीन. एम६ बोल्ट असतील तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीचा आकडा मिळाला तर तोच पाळा. चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर लांब पान्याने आवळू नका, आटे निघतात आणि मग पूर्ण चेंबर बदलायची वेळ येते.

कोठा_आणि_कुटार:
बीएस६ डिझेलवाल्यांनी पट्टीवर लेव्हल वर चढते का तेही पाहत जावं. ही गाडी छोट्या छोट्या फेऱ्यांवर चालली, घर ते वावर, वावर ते घर, की डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायची प्रक्रिया अर्धवट सुटते. त्या प्रक्रियेत जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि मॅक्सच्या वर जातं. अशा वेळी सेन्सर खरं बोलत असतो आणि आपण त्यालाच दोष देतो. लेव्हल फार वर गेली की क्रँक ऑइलला लागून फेस होतो, आणि फेसात हे सेन्सर धड वाचू शकत नाहीत. उपाय सेन्सर नाही, ऑइल आणि फिल्टर बदलणं. आणि अधूनमधून गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवणं.

वावरातला_पाना:
ट्रॅक्टरला हे कसं लागू पडतं?

हार्नेस_दुरुस्ती:
आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला लेव्हल सेन्सर नसतोच. पट्टी आणि प्रेशरचा स्विच. स्विचला एकच तार असते: इंजिन बंद असताना तो अर्थला जोडलेला, प्रेशर चढलं की सुटतो. तार काढली की दिवा विझला पाहिजे, तार बॉडीला लावली की पेटला पाहिजे. तार काढूनही दिवा पेटलेलाच राहिला तर तार कुठेतरी अर्थ होते आहे. तार ठीक निघाली आणि इंजिन चालू असताना दिवा जात नाही, तर नवीन स्विच टाकून पाहू नका. स्विचच्या जागी यांत्रिक प्रेशर गेज बसवून गरम इंजिनवर मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडा. नांगरणीच्या मध्ये हे करायला जीवावर येतं, पण बेअरिंग गेलं तर हंगाम जातो.

पांदणवाला:
दुरुस्ती झाली. सिग्नल आणि सप्लाय दोन्ही तारांना क्रिंप जोड, गोंदवाली स्लीव्ह, नवीन पाइप, ब्रॅकेटवर रबर.
बॅटरी जोडण्याआधी: सिग्नल तार ते बॉडी ओएल, हार्नेस हलवूनही ओएल. टोक ते टोक ०.२ ओहम.
चावी चालू, सेन्सरचा कपलर काढलेला: पिन ३ वर ११.९ व्होल्ट. कोड पी२५०डी झाला.
कपलर लावून कोड पुसला: मागून टाचणी घालून पिन ३ वर मल्टीमीटरचा आकडा एका जागी थांबत नाही, सारखा खालीवर होतो. पिवळा दिवा मात्र अजून आहे.

तीन_पिना:
आकडा हलतो म्हणजे सेन्सर ठोके पाठवतो आहे. दिवा लगेच न जाण्यात विशेष काही नाही. कन्सोल जुनं वाचन धरून बसतो आणि ठरावीक वेळ चालवल्याशिवाय नवीन घेत नाही. काही गाड्यांत बोनेट उघडल्याचा स्विच दाबला-सुटला की तो नव्याने मोजायला लागतो, म्हणून तो स्विच चालतो का पाहा. गाडी गरम होईपर्यंत सपाट रस्त्यावर चालवा, सपाट जागी बंद करा, दहा मिनिटांनी चावी लावा.

आणि इंजिनखालचं कव्हर परत लावलं का? ऑइल बदलताना ते काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं आणि सगळा चिखल थेट हार्नेसवर उडतो.

पांदणवाला:
कव्हरच्या पाचपैकी दोनच क्लिपा उरल्या होत्या. तीन जागी बोल्ट आणि रुंद वॉशर लावून बसवलं. वीस किलोमीटर चालवून, सपाट जागी थांबून पाहिलं: दिवा गेला, कोड नाही. आज सकाळी थंड गाडीवरही तेच, आणि पट्टीवर ऑइल पाऊण भागावर.